पत्ता पूर्ण लिहा: जर्नलला पेपर पाठवताना संदर्भ कसे द्यायचे

नौपाड्यातल्या जुन्या माणसाला पत्ता विचारला तर तो सांगतो, "गोखले रोडने सरळ या, डेअरीच्या पुढची गल्ली, दारात चाफा असलेली बिल्डिंग." खाडी ओलांडून नवी मुंबईत गेलं की पत्ता आकड्यांत येतो: सेक्टर, प्लॉट, बिल्डिंग. पण तिथेही नुसतं "सेक्टर १०" सांगून रिक्षा हलत नाही, कारण वाशीला सेक्टर १० आहे आणि नेरुळलाही आहे. नोडचं नाव सुटलं की बाकीचे आकडे वाया जातात.

शोधनिबंधातला संदर्भ हा असाच पत्ता असतो. लेखक, साल, शीर्षक, जर्नल, खंड, अंक, पानं, लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक (डीओआय) यांतलं काही चुकलं की वाचक दुसऱ्याच दारात जाऊन उभा राहतो. मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि मुलांचे पहिले पेपर त्यांच्या शेजारी बसून वाचते. विषय त्यांना चांगला कळलेला असतो, नोंदी महिनोन्‌महिने चिखलात उभं राहून घेतलेल्या असतात, आणि संदर्भसूची मात्र पेपर पाठवायच्या आदल्या रात्री उभी राहते. अडचण तिथेच सुरू होते. स्वल्पविराम आणि तिरपी अक्षरं शेवटी एका क्लिकवर बदलतात. पत्त्याची माहिती मात्र वाचतानाच गोळा करावी लागते, ती आदल्या रात्री सापडत नाही.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. माझ्या सुरुवातीच्या एका पेपरमध्ये सहलेखकाच्या सांगण्यावरून मी शेवटच्या क्षणी सूचीत एक संदर्भ हाताने घुसवला. त्यानंतरचे सगळे क्रमांक एकाने पुढे सरकले, मजकुरातले जुनेच राहिले. परीक्षकाने लिहिलं, "संदर्भ १७ मध्ये असं काहीही म्हटलेलं नाही." पेपर परत आला. विज्ञान चुकलेलं नव्हतं, पण परीक्षकाचा विश्वास गेला होता, आणि एकदा विश्वास गेला की तो तुमचे आलेखही संशयाने पाहतो.

आधी जर्नलच्या सूचना, मग बाकी सगळं

प्रत्येक जर्नलच्या संकेतस्थळावर लेखकांसाठी सूचनांचं पान असतं. त्यातला संदर्भांचा भाग कागदावर छापून घ्या आणि पेन घेऊन बसा. शोधायच्या गोष्टी फार नसतात. मजकुरात क्रमांक हवा की लेखकाचं नाव आणि साल? क्रमांक असेल तर तो चौकोनी कंसात की वर चढवलेला? सूची मजकुरातल्या क्रमाने की वर्णानुक्रमाने? किती लेखकांनंतर "एट अल." (म्हणजे "आणि इतर") लिहायचं? जर्नलचं नाव पूर्ण की संक्षिप्त? डीओआय सक्तीचा आहे का? संदर्भांच्या संख्येवर मर्यादा आहे का? प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीच ऑनलाइन टाकलेले लेख, चालतात का?

मग त्याच जर्नलमधले या वर्षी छापलेले दोन-तीन पेपर उघडून त्यांची सूची शेजारी ठेवा. सूचनांचं पान कधीकधी जुनं राहिलेलं असतं, छापलेला पेपर मात्र आज काय चालतं ते दाखवतो. दोन्हींत फरक दिसला तर मी छापलेल्या पेपरच्या बाजूने जाते.

काही प्रकाशकांनी पहिल्या फेरीपुरती ही अट सैल केली आहे. एल्सेव्हियरच्या बऱ्याच जर्नलमध्ये पहिल्यांदा पेपर पाठवताना संदर्भ कोणत्याही शैलीत चालतात, फक्त ते सगळे एकसारखे हवेत. ही सवलत मांडणीपुरतीच आहे. माहिती अपुरी असेल तर परीक्षक विचारणारच.

तीन शैली, एकच संदर्भ

शैली शेकड्यांनी आहेत, पण त्यांची घराणी मोजकीच. वैद्यक आणि जीवशास्त्रात क्रमांकांची व्हँकुव्हर पद्धत चालते. १९७८ मध्ये वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला एकत्र बसले, त्यावरून हे नाव पडलं. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि बऱ्याच पर्यावरणविषयक जर्नलमध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची एपीए किंवा तिच्यासारखी लेखक-साल पद्धत असते. तिची सध्याची सातवी आवृत्ती २०१९ ची आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाच्या मंडळींची आयट्रिपलई, त्याच नावाच्या अभियंत्यांच्या संस्थेची, हीही क्रमांकांची.

रामन परिणामाची बातमी देणारं रामन आणि कृष्णन यांचं पत्र १९२८ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. तेच तिन्ही पद्धतींत कसं दिसेल ते पाहा. पेपरमध्ये हे अर्थात रोमन लिपीत जाईल.

व्हँकुव्हर: रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१(३०४८):५०१-२.

एपीए: रामन, सी. व्ही., & कृष्णन, के. एस. (१९२८). अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. *नेचर*, *१२१*(३०४८), ५०१–५०२.

आयट्रिपलई: सी. व्ही. रामन अँड के. एस. कृष्णन, "अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन," *नेचर*, व्हॉ. १२१, नं. ३०४८, पीपी. ५०१–५०२, मार्च १९२८.

माहिती तीच आहे, वेष वेगळे आहेत. व्हँकुव्हरमध्ये आद्याक्षरांना टिंब नाही, साल जर्नलनंतर येतं आणि शेवटचं पान तोडून "५०१-२" असं लिहितात. एपीएत साल लेखकांना चिकटून कंसात असतं आणि खंडाचा आकडाही तिरपा होतो. आयट्रिपलईत आद्याक्षरं आडनावाच्या आधी येतात. डीओआय असेल तर तो तिन्हीकडे शेवटी जातो. या खुणा तोंडपाठ करायची गरज नाही. सूची तपासताना डोळ्याने कुठे थांबायचं तेवढं यातून कळतं.

माहिती गोळा करणं: इथे वेळ द्या

संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे आणि वर्ड, लिबरऑफिस, गूगल डॉक्स या तिन्हींत चालतं. एंडनोट विकत घ्यावं लागतं, मेंडेली एल्सेव्हियरचं आहे. तुमच्या प्रयोगशाळेत सगळे जे वापरतात तेच वापरा. पण कोरी पाटी असेल तर मी झोटेरोच सुचवते, कारण महाविद्यालय सुटलं तरी ते तुमच्याजवळ राहतं. त्यांच्या सर्व्हरवर ३०० एमबी जागा फुकट मिळते. ती पीडीएफनी लवकर भरते, पण नुसत्या नोंदींना जागेची मर्यादा नाही.

ब्राउझरमध्ये झोटेरोचा कनेक्टर बसवा. पेपरच्या पानावर असताना त्याचं चिन्ह दाबलं की नोंद आत येते. दुसरा रस्ता म्हणजे झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर जाऊन डीओआय टाकणं. डीओआय म्हणजे त्या लेखाचा कायमचा क्रमांक. तो १० या आकड्याने सुरू होतो, आणि प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं तरी क्रमांक तोच राहतो. रस्त्याचं नाव बदललं तरी प्लॉट नंबर तोच राहावा, तसं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आत आलेली नोंद लगेच पेपरच्या पहिल्या पानाशी ताडून पाहा. नोंद आपोआप आली म्हणजे ती बरोबर आली असं नाही. प्रकाशकाने क्रॉसरेफला, म्हणजे डीओआयची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, जशी माहिती दिली तशीच ती तुमच्याकडे येते. शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत आलेलं असतं. पान क्रमांक गायब असतात. परिषदेतला लेख जर्नलचा लेख म्हणून बसलेला असतो. शीर्षक झोटेरोत वाक्यासारखं ठेवा, म्हणजे पहिलं अक्षर मोठं, विशेषनामं मोठी, बाकी लहान. शीर्षकावर उजवं क्लिक केलं की हे बदलायचा पर्याय मिळतो. वाक्यासारख्या शीर्षकाचं प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराचं रूप सॉफ्टवेअरला करता येतं, उलट दिशेने मात्र ते धडपणे जमत नाही, कारण कोणता शब्द विशेषनाम आहे हे त्याला कळत नाही.

खाडीवर काम करणाऱ्यांनी जातिनामांकडे खास लक्ष द्यावं. तिवराचं ॲव्हिसेनिया मरीना हे नाव शीर्षकात आलं की ते तिरपंच हवं, प्रजातीचं (जीनस) पहिलं अक्षर मोठं आणि जातीचं (स्पीशीज) लहान. आयात केलेल्या नोंदीत तिरपेपणा बहुतेक वेळा गळून पडतो. झोटेरोत तो परत आणायला नावाच्या दोन्ही बाजूंना एचटीएमएलमधली तिरप्या अक्षरांची खूण घालावी लागते. एकदा घातली की प्रत्येक पेपरात ती बरोबर येते.

आज बरीच जर्नल फक्त ऑनलाइन निघतात आणि त्यांत पानांऐवजी लेख क्रमांक असतो. तिथे पीडीएफवरची "१ ते १४" ही पानं लिहू नका, लेख क्रमांक लिहा. सालाचाही असाच घोळ होतो. लेख ऑनलाइन एका वर्षी येतो आणि अंकात पुढच्या वर्षी बसतो. खंड आणि पानं मिळाली असतील तर अंकाचं साल घ्या.

नावं: आपल्याकडची खरी मेख

परदेशी मार्गदर्शिकांमध्ये याला दोन ओळी मिळतात. आपल्याला त्या पुरत नाहीत.

मराठी नाव तीन भागांचं असतं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. ते जर्नलमध्ये कधी सरळ छापलं जातं, कधी आडनाव आधी घेऊन. आडनाव आधी छापलेलं असेल तर सॉफ्टवेअर वडिलांचं नाव आडनाव समजून बसतं आणि "पाटील" यांची नोंद "रमेश" या नावाखाली जाते. म्हणून प्रत्येक भारतीय लेखकाच्या नोंदीत आडनावाचा आणि नावाचा रकाना डोळ्याने पाहायचा.

दाक्षिणात्य नावांत तर आडनाव असेलच असं नाही. रामन यांच्याच नावात पाहा. वडील चंद्रशेखर, स्वतःचं नाव वेंकटरामन. त्याचे दोन तुकडे होऊन सी. व्ही. रामन झालं. कृष्णन हेही त्यांचं स्वतःचंच नाव. तरीही सूचीत रामन आणि कृष्णन याच नावांखाली ते शोधले जातात, कारण त्यांनी स्वतः तसं छापलं. नियम तोच: लेखकाने त्या पेपरवर जसं छापलं तसं घ्या, आणि आडनावाच्या रकान्यात ते नाव टाका ज्याने बाकी जग त्यांना संदर्भित करतं. शंका आली तर त्यांच्या पुढच्या पेपरांत इतरांनी काय केलंय ते पाहा.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांच्या बाबतीत मुलं हमखास गोंधळतात. "मॅडम, आता त्या दुसरं नाव लावतात, मग सूचीत कोणतं?" असं गेल्या वर्षी ऐरोलीहून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं. उत्तर असं: जुन्या पेपरवर जुनंच नाव राहील. पेपर त्या नावाने शोधला जातो. आपल्या सोयीने तो "सुधारला" तर वाचकाला तो सापडणार नाही. जोडआडनाव असेल तर ते अखंड ठेवा, त्याचा पहिला अर्धा भाग आद्याक्षरात ढकलू नका. आणि तुम्ही स्वतः पहिला पेपर पाठवणार असाल तर आजच ऑर्किड हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून घ्या. तो १६ अंकी असतो, फुकट मिळतो आणि पुढे नाव बदललं तरी तुमचं काम तुमच्याच नावावर ठेवतो.

मजकुरात उल्लेख कुठे ठेवायचा

विधान जिथे संपतं तिथे संदर्भ. पाच वाक्यांचा परिच्छेद आणि शेवटी सहा संदर्भांचा गठ्ठा अशी मांडणी वाचकावर अन्याय करते. कोणतं वाक्य कोणाचं हे त्याला कळायला हवं. एका वाक्याचे दोन भाग दोघांकडून घेतले असतील तर पहिला संदर्भ वाक्याच्या मध्ये येऊ द्या.

वर चढवलेले क्रमांक असतील तर एका ठिकाणी सांभाळा. "क्षेत्रफळ १२ किमी" असं लिहून त्यावर संदर्भ २ चढवला की ते चौरस किलोमीटर होतं. अशा वेळी वाक्य फिरवून क्रमांक एखाद्या शब्दावर न्या. क्रमांकाच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: एखादा संदर्भ फक्त तक्त्यात किंवा चित्राच्या मथळ्यात असेल, तर त्याचा क्रमांक तो तक्ता मजकुरात पहिल्यांदा कुठे आला त्यावरून ठरतो. तक्ते फाइलच्या शेवटी ठेवले आणि सॉफ्टवेअरने तिथले क्रमांक शेवटचे दिले, तर ते नियमाला धरून नाही.

लेखक-साल पद्धतीत तीन किंवा अधिक लेखक असतील तर एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं नाव आणि "एट अल." लिहायचं. टिंब "अल"नंतर येतं, "एट"नंतर नाही. सूचीत मात्र २० पर्यंत सगळी नावं द्यायची. व्हँकुव्हरमध्ये सूचीत साधारणपणे पहिल्या सहा जणांनंतर "एट अल." येतं.

एकाच लेखकाची एकाच सालातली दोन कामं असतील तर सालाला ए, बी अशी अक्षरं लागतात. इथेही रामनच उपयोगी पडतात. १९२८ मध्ये त्यांचं एकट्याचं एक पत्र 'नेचर'मध्ये आलं, 'अ चेंज ऑफ वेव्ह-लेंग्थ इन लाइट स्कॅटरिंग', आणि 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये 'अ न्यू रेडिएशन' हा लेख आला. एपीएत शीर्षकाच्या वर्णक्रमाने पहिलं १९२८ए आणि दुसरं १९२८बी. कृष्णन यांच्याबरोबरचं पत्र यात येत नाही, कारण तिथे लेखक दोन आहेत. "रामन, १९२८" एवढंच लिहिलं तर यातलं नेमकं काय वाचलं ते कोणालाच कळणार नाही. म्हणून ही अक्षरं हाताने लावू नका, सॉफ्टवेअरला लावू द्या.

आणि जे तुम्ही स्वतः वाचलेलं नाही ते वाचल्यासारखं लिहू नका. दुसऱ्याच्या पेपरात आलेला संदर्भ उचलून आपल्या सूचीत टाकला की त्याची चूक, पान क्रमांकासकट, आपली होते. मूळ मिळत नसेल तर "अमुक यांच्या लेखात उद्धृत" असं सरळ लिहा आणि सूचीत तुम्ही वाचलेला लेख द्या.

जर्नलची संक्षिप्त नावं

संक्षेप मनाने करायचे नसतात. त्यासाठी आयएसओ ४ हे मानक आहे आणि त्याची शब्दांची यादी आहे. 'करंट सायन्स'चं कर्. साय. होतं. 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये "ऑफ" गळतो, "जर्नल"चा जे. होतो, "फिजिक्स"चा फिज., पण "इंडियन" तसाच राहतो. एकाच शब्दाचं नाव असेल, जसं 'नेचर', तर ते तोडायचं नाही. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलच्या नावात आजही बॉम्बे आहे. शहर मुंबई झालं म्हणून तिथे मुंबई करू नका. वैद्यक-जीवशास्त्रातल्या जर्नलची संक्षिप्त रूपं अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या (एनएलएम) कॅटलॉगमध्ये मिळतात.

सरकारी कागद, गॅझेटियर, प्रबंध आणि मराठी पुस्तकं

ठाण्या-बेलापूरच्या पट्ट्यावर, येऊरच्या जंगलावर किंवा खाडीवर काम करणाऱ्यांचे निम्मे संदर्भ असे असतात, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला ते आपोआप भरता येत नाहीत. इथे हातच लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आलं. ही दोन विधानं तुमच्या प्रस्तावनेत असतील तर त्यांचे संदर्भ वेगळे लागतील. पहिल्यासाठी राज्य शासनाची अधिसूचना, दुसऱ्यासाठी रामसरच्या संकेतस्थळावरची त्या स्थळाची नोंद. वर्तमानपत्रातली बातमी दोन्हींसाठी दुय्यम. शासन निर्णय असेल तर विभागाचं नाव, निर्णय क्रमांक, तारीख आणि शेवटी छापलेला संकेतांक, हे चारही द्या. संकेतांकामुळे तो शासनाच्या संकेतस्थळावर थेट सापडतो.

महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल वापरला तर लेखक म्हणून महापालिका येते. झोटेरोत संस्थेचं नाव एका रकान्यात टाकायचा पर्याय निवडा, नाहीतर "महानगरपालिका, ठाणे" अशी आडनाव-नावाची विभागणी होते. अहवाल कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे आणि तो कधी प्रसिद्ध झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्ष शीर्षकात राहील, सालाच्या जागी प्रसिद्धीचं साल जाईल. संकेतस्थळावरची अशी पीडीएफ उद्या हलू शकते, म्हणून ती उतरवून घ्या, वेबॅक मशीन या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात साठवा आणि पाहिल्याची तारीख लिहा.

जुन्या ठाणे जिल्ह्याची माहिती बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरच्या १३ व्या खंडातून घेतात. तो १८८२ चा आहे आणि त्याच्या शीर्षकात गावाचं नाव "थाना" असं आहे. ते तसंच ठेवा. त्या खंडाचे भाग आहेत, म्हणून भाग आणि पान दोन्ही द्या. नंतर निघालेली पुनर्मुद्रणं किंवा संगणकीय प्रत वापरली असेल तर तेही लिहा, कारण पानं बदललेली असू शकतात.

पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन संग्रहात मिळतात. तिथे प्रत्येकाची कायमची हँडल लिंक असते, तिच्यात १०६०३ हा आकडा दिसतो. ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता न घेता ती लिंक घ्या. साल प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचं लिहा, शोधगंगेवर चढवल्याचं नाही.

मराठी पुस्तक किंवा लेख इंग्रजी जर्नलमध्ये द्यायचा तर शीर्षक रोमन लिपीत जसंच्या तसं लिहायचं आणि पुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ. काही जर्नल शेवटी "मराठीत" अशी टीप मागतात. अर्थ तुमचा आहे, शीर्षक लेखकाचं, म्हणून दोन्ही हवेत. लिप्यंतर एकाच पद्धतीने करा. एकाच लेखकाचं नाव एकदा "व्ही"ने आणि एकदा "डब्ल्यू"ने लिहिलं की ती दोन माणसं होतात. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९. मराठी स्रोत टाकायला लाजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. खाडीतल्या मासेमारीबद्दल कोळीवाड्यातल्या माणसाने मराठीत लिहिलेलं असेल आणि ते तुम्ही वापरलं असेल, तर ते सूचीत इंग्रजी पेपरच्या बरोबरीने यायलाच हवं.

कोळी बांधवांशी तोंडी झालेलं बोलणं बहुतेक शैलींत सूचीत येत नाही. ते मजकुरातच "वैयक्तिक संवाद" म्हणून तारखेसह जातं, आणि त्यासाठी त्यांची परवानगी घ्या.

आकडेवारीचे संच आणि सॉफ्टवेअर हेही संदर्भ आहेत. जीबीआयएफ या जीवविविधतेच्या जागतिक माहितीसाठ्यावरून पक्ष्यांच्या नोंदी उतरवल्या तर त्या उतरवणीला स्वतंत्र डीओआय मिळतो, तो द्या. विश्लेषणासाठी आर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे सायटेशन हीच आज्ञा आहे. ती दिली की आरचा, आणि तिच्या कंसात पॅकेजचं नाव घातलं की त्या पॅकेजचा संदर्भ तयार मिळतो. आवृत्तीचा क्रमांक विसरू नका.

पाठवण्याआधीची तपासणी

सूची कागदावर छापा. मजकूर पडद्यावर ठेवा. मजकुरातला प्रत्येक उल्लेख वाचत जा आणि कागदावर बरोबरची खूण करा. शेवटी ज्यावर खूण नाही तो संदर्भ अनाथ आहे: एकतर त्याचा उल्लेख राहिलाय किंवा परिच्छेद काढताना तो मागे उरलाय. सॉफ्टवेअर वापरलं असेल तरी हे करा, कारण हाताने टाइप केलेला उल्लेख सॉफ्टवेअरला दिसत नाही. ५० संदर्भांना मला तासभर लागतो.

मग प्रत्येक डीओआय क्लिक करून पाहा. तो उघडतो का, आणि उघडलेलं पान त्याच लेखाचं आहे का? डीओआयच्या मागे पूर्णविराम चिकटला तर लिंक मोडू शकते. ही तपासणी आता अधिकच गरजेची झाली आहे, कारण चॅटबॉटकडून मागितलेल्या संदर्भांत खरी नावं, खरी जर्नल आणि अस्तित्वातच नसलेला लेख असं मिश्रण येतं. ते दिसायला अगदी नेटकं असतं. तुमच्या हातात ज्याचं पीडीएफ नाही असा एकही संदर्भ सूचीत ठेवू नका.

मागे घेतलेले पेपरही पाहा. रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. झोटेरो तुमच्या संग्रहातला असा पेपर स्वतःहून लाल पट्टीने दाखवतं.

सहलेखक एकाच फाइलवर काम करत असतील तर सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर वापरावं. झोटेरोचे उल्लेख मेंडेलीला वाचता येत नाहीत. एकाने दुसरं वापरलं की अर्धे संदर्भ नुसता मजकूर बनून राहतात. गट-संग्रह तयार करून त्यात सगळे नोंदी टाकत गेले तर एकच लेख तीनदा येत नाही. लाटेक्स या टंकजुळणीच्या प्रणालीत लिहिणाऱ्यांना फार सांगायची गरज नाही. तिच्या बिबटेक्स या संदर्भांच्या फाइलमध्ये मोठी राहायची अक्षरं महिरपी कंसात घाला, नाहीतर डीएनए लहान अक्षरांत छापलं जाईल.

सगळं झालं की फाइलची प्रत काढा आणि त्या प्रतीत झोटेरोचं उल्लेख तोडायचं बटण दाबा. सगळं साधा मजकूर होईल, तीच जर्नलला पाठवा. मूळ जिवंत फाइल जपून ठेवा. पेपर परत आला आणि दुसरीकडे पाठवायचा झाला, तर तीच उघडून शैली बदलली की बहुतेक काम होतं. राहतात ती वाक्यं. क्रमांकाच्या पद्धतीत "[१२] यांनी दाखवलं" असं लिहिलं असेल तर लेखक-साल पद्धतीत ते विचित्र वाचलं जातं. म्हणून मी मुलांना पहिल्यापासूनच वाक्यात लेखकाचं नाव घ्यायला लावते.

पेपर स्वीकारल्यावर प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, येतं. त्याबरोबर संपादकीय विभागाची प्रश्नांची यादी असते, आणि तिच्यात निम्मे प्रश्न संदर्भांचे असतात: २३ व्या संदर्भाचा मजकुरात उल्लेख नाही, ३१ व्याची पानं द्या. उत्तराला बहुतेक वेळा ४८ तास मिळतात. तेव्हा ते पीडीएफ घरच्या संगणकावर नसेल तर पंचाईत होते, म्हणून माझी ती विद्यार्थिनी आता प्रत्येक पेपराचं पहिलं पान, पूर्ण पत्त्यासकट, फोनमध्येही ठेवते. तिचं प्रूफ आलं तेव्हा ती ठाण्याला येणाऱ्या लोकलमध्ये होती, आणि स्टेशन येईपर्यंत तिने तिन्ही प्रश्नांची उत्तरं पाठवली होती.